परमकॅथ बसवताना सोनोग्राफी आणि एक्स-रे खरोखरच लागतात का?

प्रश्न (सांगली जिल्हा)

नमस्कार. माझे वडील 64 वर्षांचे असून जुन्या मधुमेहामुळे त्यांची मूत्रपिंडे निकामी झाली आहेत. गेल्या महिन्यात धाप लागल्याने त्यांना रात्री तातडीने दाखल करावे लागले आणि वॉर्डातच, कोणतेही यंत्र न लावता, मानेच्या उजव्या बाजूला डायलिसिसची तात्पुरती नळी घालण्यात आली. तीन वेळा सुई टोचावी लागली. त्यात एकदा लालभडक रक्त जोराने उसळले आणि दुसऱ्या दिवशी मान सुजून काळीनिळी झाली. नळी बसली खरी, पण डायलिसिस चालू असताना मशीनचा अलार्म सारखा वाजतो आणि वडिलांना मान वळवून पडायला सांगतात. आता दुसऱ्या रुग्णालयातील डॉक्टरांनी कॅथ लॅबमध्ये (एक्स-रेच्या पडद्यावर पाहत नळ्या बसवतात त्या खोलीत) परमकॅथ, म्हणजे कातडीखालून नेऊन छातीवर बाहेर काढलेली जास्त काळ चालणारी डायलिसिसची नळी, बसवून घ्या आणि डाव्या हाताला फिस्टुला (डायलिसिससाठी शस्त्रक्रियेने शीर धमनीला जोडणे) करून घ्या, असे सुचवले आहे. जी नळी वॉर्डात बसते, तिच्यासाठी सोनोग्राफी, एक्स-रे आणि कॅथ लॅब कशाला, असे घरातील वडीलधारे विचारत आहेत. कृपया जाणकारांनी सांगावे.

प्रतिसाद १ (इंटरव्हेन्शनल रेडिओलॉजिस्ट, पुणे)

ताई, लालभडक रक्त उसळले, याचा अर्थ बहुधा सुई शिरेऐवजी शेजारच्या कॅरोटिड धमनीत गेली होती. मानेतील जुगुलर शीर आणि ही धमनी अगदी लगटून असतात आणि त्यांची मांडणी प्रत्येक माणसात सारखी नसते. सोनोग्राफीचा प्रोब मानेवर ठेवून हलके दाबले की शीर चपटी होऊन मिटते, धमनी मात्र गोलच राहते आणि ठोके देत असते. हा फरक पडद्यावर दिसत असताना सुईचे टोक शिरेत उतरताना पाहता येते. शिवाय तात्पुरत्या नळीभोवती गुठळी धरून शीर बंद झाली आहे का, हेही त्याच वेळी समजते, आणि आपल्या वडिलांच्या बाबतीत ते आधी पाहायलाच हवे.

सुईनंतर तार आत जाते आणि तारेवरून वाट रुंद करणारा डायलेटर सरकवतात. माझ्या मते संपूर्ण प्रक्रियेतील सर्वांत जपण्याचा क्षण हाच आहे. बारीक सुई धमनीत गेली तर दाबून धरून बहुतेकदा निभावते. डायलेटर किंवा जाड नळी धमनीत गेली तर ती उपसून काढणेही धोक्याचे ठरते आणि शल्यचिकित्सकाला बोलवावे लागते. म्हणून तार शिरेतच आहे हे पडद्यावर पाहिल्याशिवाय डायलेटर घालू नये, हे आम्ही शिकाऊ डॉक्टरांना पुन्हा पुन्हा बजावतो.

एक्स-रेचे काम त्यानंतरचे. डायलिसिसला मिनिटाला सुमारे 300 मिलिलिटर किंवा त्याहून अधिक रक्त ओढावे लागते आणि त्यासाठी परमकॅथचे टोक हृदयाच्या उजव्या कर्णिकेत मोकळे असावे लागते. टोक वर राहिले तर ते शिरेच्या भिंतीला चिकटते, रक्त ओढले जात नाही आणि अलार्म वाजतो. सध्याच्या नळीचे दुखणे हे असू शकते, किंवा ती कुठेतरी मुडपली असेल. टेबलावर आडवे असताना योग्य जागी दिसणारे टोक रुग्ण उठून बसल्यावर काही सेंटिमीटर वर सरकते, विशेषतः स्थूल व्यक्तींमध्ये, त्यामुळे तेवढी मोकळीक धरूनच ते ठेवावे लागते. हे अंदाजाने जमत नाही.

मानेची उजवी बाजू निवडतात, कारण तिथून हृदयापर्यंतची वाट जवळजवळ सरळ आहे. डावीकडून वळणे पडतात. गळपट्टीच्या हाडाखालील शीर मात्र शक्यतो टाळावी. तिथे नळी राहिली तर पुढे शीर अरुंद होऊ शकते, आणि मग त्या बाजूच्या हाताचा फिस्टुला सुजतो किंवा वाया जातो.

प्रतिसाद २ (डायलिसिस विभागातील परिचारिका, नाशिक)

डॉक्टरांनी बसवण्याविषयी लिहिले आहेच. नळी किती दिवस टिकेल हे मात्र पुष्कळसे आमच्या हातांवर आणि घरच्यांच्या लक्षावर अवलंबून असते. परमकॅथच्या कातडीखालच्या भागात एक कापडी पट्टा असतो. त्यात तीन-चार आठवड्यांत मांस भरून नळी धरली जाते, तोपर्यंत टाके काढू नयेत आणि नळी ओढली जाणार नाही याची काळजी घ्यावी. जोडताना परिचारिका आणि रुग्ण या दोघांच्याही तोंडावर मास्क हवा, आणि क्लॅम्प (नळी बंद करणारा चिमटा) लावल्याशिवाय टोपण उघडता कामा नये, नाहीतर श्वासाबरोबर हवा आत ओढली जाते. नळीच्या दोन्ही फाट्यांवर 1.9, 2.0 असे मिलिलिटरचे आकडे छापलेले असतात. डायलिसिसच्या शेवटी तेवढेच हेपरिन (रक्त गोठू न देणारे औषध) भरायचे आणि पुढच्या वेळी ते आधी ओढून टाकायचे, आत ढकलायचे नाही. या नळीतून सलाईन लावू देऊ नका, तपासणीसाठी रक्तही काढू देऊ नका.

डायलिसिस सुरू झाल्यावर हुडहुडी भरली तर ती थंडी समजून चादर पांघरू नका, लगेच सांगा. नळीतला जंतुसंसर्ग पुष्कळदा असाच प्रथम जाणवतो, आणि प्रतिजैविक देण्याआधी कल्चरसाठी (जंतू ओळखण्याच्या तपासणीसाठी) रक्त घेतले जाणे महत्त्वाचे असते. नळी कधी निसटलीच, तर वडिलांना सपाट झोपवून मानेतील आणि छातीवरील दोन्ही जागा घट्ट दाबून धरा आणि तशाच अवस्थेत रुग्णालय गाठा.

प्रश्नकर्ती

आपणा दोघांचे मनापासून आभार. घरच्यांना दोन्ही उत्तरे वाचून दाखवली आणि आता कॅथ लॅबची तारीख घेत आहोत. एकच राहिले. वॉर्डात रोज वडिलांच्या डाव्या कोपरातून रक्त काढले जात होते. फिस्टुला त्याच हाताला होणार असल्याने हे थांबवावे का?

प्रतिसाद १

आजपासूनच थांबवा. त्या हाताला सलाईन नको, रक्त काढणे नको, रक्तदाबाचा पट्टाही नको. फिस्टुला वापरण्याजोगा व्हायला दोन-तीन महिने लागू शकतात आणि परमकॅथ तेवढ्या काळासाठीच आहे. रक्त घ्यावेच लागले तर उजव्या हाताच्या पंजाच्या मागच्या बाजूने घ्यायला सांगा. आमच्याकडे अशा रुग्णांच्या डाव्या मनगटाला रंगीत पट्टी बांधतात आणि तिच्यावर तसे लिहितात. तुम्हीही बांधून ठेवा.