ओळख परेड आणि साक्षीदाराची खात्री
साक्षीदार कोर्टात इतकं छातीठोक सांगतोय, मग बचावपक्ष जुनी ओळख परेड, म्हणजे साक्षीदाराने रांगेतल्या माणसांतून संशयित ओळखण्याची चाचणी, का उकरतो, असा प्रश्न पडतो. कारण खात्री मागाहूनही फुगते. वेल्स आणि ब्रॅडफिल्ड या मानसशास्त्रज्ञांनी १९९८ मध्ये हेच दाखवलं: चुकीचा माणूस निवडलेल्या साक्षीदारालाही 'बरोबर ओळखलंत' म्हटलं, की 'चेहरा नीट पाहिला होता' असं तो सांगू लागतो. येरवडा तुरुंगात परेड झाली असेल तर तिचा पंचनामा बारकाईने वाचा. एका संशयितामागे निदान ६ डमी (रांगेत उभे केलेले, गुन्ह्याशी संबंध नसलेले लोक) असले, पण सहाही बिनदाढीचे आणि दाढीवाला एकटा संशयितच, तर तो आकडा काय चाटायचाय? संशयिताचा फोटो परेडआधी व्हॉट्सअॅपवर फिरला होता का, हे उलटतपासणीत विचाराच. साक्षीदाराचे पहिले शब्द, अडखळण्यासकट, तिथल्या तिथे उतरवलेले हवेत. नुसतं 'ओळखले' लिहिलेलं बिनकामाचं.