रिम ब्रेकच्या सायकलीला डिस्क ब्रेक : जुना चिमटा हा भार पेलेल का?

गुहागरहून : माझ्या पोलादी सायकलीला रिम ब्रेक, म्हणजे चाकाच्या कड्यावर (रिमवर) रबरे दाबून थांबवणारे ब्रेक, आहेत. गेल्या श्रावणात धोपाव्याच्या फेरीबोटीच्या धक्क्याकडे उतरताना दोन्ही ब्रेक पूर्ण आवळूनही चाकाचे पहिले काही फेरे रिमवरचे पाणी निपटण्यातच गेले आणि सायकल धक्क्याच्या अगदी तोंडाशी थांबली. घरी येऊन रिमवर बोट फिरवले, तर तिची कड चमच्यासारखी खोलगट लागली. ब्रेकच्या रबरांत तांबड्या मातीच्या कणांबरोबर ॲल्युमिनियमच्या चकचकीत कपच्या रुतल्या होत्या. डिस्क ब्रेक रिमऐवजी चाकाच्या मध्याशी बसवलेली धातूची चकती पकडतो. ओळखीचे एक वेल्डर चिमट्याच्या (पुढचे चाक धरणाऱ्या दुपायी भागाच्या) डाव्या पायाला पट्टी जोडून डिस्कचा कॅलिपर, म्हणजे चकती दाबणारी पकड, बसवून देण्यास तयार आहेत. चार महिने पाऊस आणि खाडीखाडीला उतार असलेल्या आपल्या मुलखात डिस्क ब्रेकला चैन म्हणणे मला मान्य नाही.

चिपळूणहून : आपली अडचण खरी आहे, परंतु हा उपाय जिवावर बेतेल. रिम ब्रेकचा जोर चिमट्याच्या माथ्याशी पडतो आणि तिथे तो सर्वांत भक्कम असतो. डिस्कचा कॅलिपर मात्र खाली एक्सलजवळ (चाकाच्या आसाजवळ), एकाच पायावर ओढ देतो. ६२२ मिमी व्यासाच्या रिमऐवजी १६० मिमी व्यासाच्या चकतीवर तेच चाक रोखायचे, तर कॅलिपरला जवळजवळ चौपट जोर पेलावा लागतो, आणि रिम ब्रेकसाठी घडवलेल्या चिमट्याचे पाय नेमके खालीच निमुळते झालेले असतात. पातळ नळीला टाका मारला की त्याच्या कडेचा धातू उष्णतेने कमकुवत होतो. पुढे तिथेच तडा जातो आणि तो रंगाखाली दिसतही नाही. शिवाय पायाच्या मागे बसवलेला कॅलिपर ब्रेक लावताना चाकाला, एक्सल जिथे बसतो त्या पायाच्या टोकाच्या खाचेतून खाली ढकलू पाहतो. त्यापेक्षा नवी रिम घ्यावी, ओल्या रस्त्यासाठीची मऊ रबरे लावावीत आणि प्रत्येक फेरीनंतर रिम धुऊन पुसावी.

देवगडहून : वेल्डिंगला माझाही विरोध आहे, पण नवी रिमही त्याच मातीने झिजणार. मी मूळ चिमटा काढून डिस्कसाठीच घडवलेला पोलादी चिमटा बसवला आणि चकती सहा बोल्टांनी बसते असा हब (चाकाचा मधला तुंबा) घेऊन चाक एकमेकींना छेदणाऱ्या तारांनी विणून घेतले, कारण आता थांबवण्याचा जोर हबकडून तारांमार्फत रिमकडे जातो आणि सरळ तारांचे चाक तो सोसत नाही. मागे रिम ब्रेकच ठेवला. ब्रेक लावताच भार पुढे येतो, त्यामुळे बहुतेक काम पुढचे चाकच करते. नव्या चिमट्याची एक्सलपासून माथ्यापर्यंतची लांबी मात्र जुन्याइतकीच हवी, नाहीतर सायकल वळणावर वेगळीच वागू लागते.

चिपळूणहून : एवढा खर्च करण्याआधी खाऱ्या हवेचाही विचार व्हावा. किनाऱ्यावर बोल्ट गंजून अडकतात, तेलकट हात चकतीला लागला तरी पकड जाते. रिम ब्रेक गावातल्या कोणत्याही दुकानात दुरुस्त होतो, हे मी कमी मोलाचे मानत नाही.

गुहागरहून : वेल्डरना नकार कळवला आहे. तथापि, भर पावसात ते पहिले फेरे वाया जाणे रिम धुऊन थांबणार नाही, म्हणून देवगडचा मार्ग मला पटतो. केबलवर चालणारा डिस्क ब्रेक घेतला, तर त्याची केबल गावातही बदलता येईल. जुना चिमटा मोजला, तो ३९५ मिमी भरला. तेवढ्या लांबीचा डिस्कचा चिमटा कोणाला मिळाला असल्यास कृपया कळवावे. तोवर नवी रिम बसवली आहे आणि धोपाव्याचा उतार सायकल हातात धरून उतरतो आहे.