बहिणीच्या रिपोर्टमध्ये पॅपिलरी थायरॉईड कॅन्सर आलाय, नक्की किती गंभीर समजायचं?

निळाई:
नमस्कार मंडळी. बहीण ३४ वर्षांची आहे. गळ्याला एका बाजूला गाठ लागत होती, दुखत वगैरे अजिबात नव्हती, टीएसएच (थायरॉईडला काम करायला लावणाऱ्या हार्मोनची रक्ततपासणी) पण नॉर्मल होतं. सोनोग्राफी झाली, मग सुईची तपासणी झाली आणि काल रिपोर्ट हातात आला, पॅपिलरी कार्सिनोमा, बेथेस्डा ६ (सुईच्या तपासणीची वर्गवारी, ६ म्हणजे कॅन्सर), गाठ २.३ सेंमी. शिवाय सोनोग्राफीत त्याच बाजूच्या मानेत दोन लिम्फ नोड (लसिका ग्रंथी) संशयास्पद लिहिलेत. सर्जन म्हणाले पूर्ण ग्रंथी काढावी लागेल, आणि रेडिओॲक्टिव्ह आयोडीन द्यायचं का ते ऑपरेशननंतरच्या बायोप्सीवरून ठरवू.
घरात दोन टोकं झालीयेत. आई कालपासून जेवलेली नाही, आणि एक नातेवाईक म्हणतात थायरॉईडचाच ना, मग त्यात काय एवढं, थोडे महिने थांबून बघा. बहीण मला विचारते की मानेत गेलं म्हणजे शेवटची स्टेज का, आणि मला काही बोलताच येत नाही. अर्धी ग्रंथी काढून भागतं, काही ठिकाणी तर ऑपरेशन न करता नुसतं लक्ष ठेवतात असंही वाचलं. तिला पुढे मूल हवंय. कुणी यातून गेलं असेल किंवा या क्षेत्रातलं असेल तर प्लीज सांगा.

सूक्ष्मदर्शी:
निळाई, मी पॅथॉलॉजीमध्ये आहे, असे रिपोर्ट रोज हाताखालून जातात. आधी बहिणीच्या प्रश्नाचं उत्तर, नाही, ही शेवटची स्टेज नाही. थायरॉईडच्या पॅपिलरी आणि फॉलिक्युलर कॅन्सरमध्ये स्टेज ठरवताना वय धरतात, असं बाकी कॅन्सरमध्ये सहसा नसतं. ५५ वर्षांच्या आतल्या पेशंटला मानेतल्या नोडमध्ये पसरलेलं असलं तरी स्टेज १ च म्हणतात, आणि फुप्फुसात किंवा हाडात गेलं तरी स्टेज २, या वयात त्यापुढची स्टेजच नाही. हे उगाच धीर द्यायला केलेलं नाही, या वयातले पेशंट खरोखरच बरे होऊन वर्षानुवर्षं नीट जगतात म्हणून तसं वर्गीकरण आहे.
पण एक गोष्ट नीट समजून घ्या, यातच सगळा गोंधळ होतो. स्टेज सांगते जिवाला धोका किती. आजार परत उलटण्याचा धोका वेगळा मोजतात, आणि नोडमध्ये असेल तर तो वाढतो. म्हणजे जीव जाण्याची भीती फार कमी, पण मानेत पुन्हा नोड दिसले, पुन्हा ऑपरेशन लागलं असं होऊ शकतं. म्हणून आई जेवढं घाबरल्यात तेवढं घाबरायचं कारण नाही आणि नातेवाईक म्हणतात तसं सोडून द्यायचं तर अजिबातच नाही.
टीएसएच नॉर्मल येणं नेहमीचंच आहे, गाठ असली तरी बाकीची ग्रंथी आपलं काम करत असते, त्यामुळे त्या तपासणीवरून कॅन्सर आहे की नाही हे कळत नाही.
आता थांबून बघण्याबद्दल. ते खरं आहे, जपानमध्ये कोबेच्या कुमा हॉस्पिटलने १९९३ पासून हे सुरू केलं, पण ते १ सेंमी किंवा त्याहून लहान गाठीसाठी, नोडमध्ये काही नसेल आणि गाठ श्वासनलिकेला किंवा आवाजाच्या नसेला चिकटलेली नसेल तरच. दक्षिण कोरियात सरसकट सोनोग्राफी सुरू झाली तेव्हा १९९३ ते २०११ मध्ये निदान जवळपास १५ पट वाढलं आणि मृत्यू मात्र होते तेवढेच राहिले, म्हणजे कधी त्रास न देणाऱ्या कितीतरी बारीक गाठी उगाच शोधून कापल्या गेल्या. तुमच्या नातेवाइकांनी असलंच काही ऐकलं असेल. २.३ सेंमी आणि संशयास्पद नोड, ही त्यातली केस नाही. अर्धी ग्रंथी काढणं ४ सेंमीपर्यंत चालतं, पण गाठ ग्रंथीच्या आतच असेल आणि नोड साफ असतील तर. म्हणून सर्जनना एवढंच विचारा की त्या नोडची सुई तपासणी ऑपरेशनच्या आधी करणार का, कारण बाजूच्या मानेतले नोड पॉझिटिव्ह आले तर तेही त्याच वेळी काढावे लागतात आणि ऑपरेशन मोठं होतं.

कोरा_कागद:
ताई, मी स्वतः यातून गेलेय, पूर्ण ग्रंथी, मानेतले नोड, नंतर आयोडीन, सगळं झालं. बहिणीला सांगा की केमो नाही, केस जात नाहीत, कारण मला सगळ्यात आधी तीच भीती होती. वर सरांनी लिहिलंय ते योग्यच, मी फक्त प्रत्यक्षात काय होतं ते सांगते.
ऑपरेशननंतर दोन गोष्टींकडे बघायचं. एक आवाज, स्वरयंत्राची नस ग्रंथीला अगदी खेटून जाते, तिला धक्का लागला तर आवाज बसतो, बहुतेकांचा हळूहळू परत येतो पण सगळ्यांचा नाही. दुसरं कॅल्शियम. ग्रंथीच्या मागे चार छोट्या पॅराथायरॉईड ग्रंथी असतात, त्या दुखावल्या की कॅल्शियम घसरतं, बोटांना आणि ओठांभोवती मुंग्या येतात. असं झालं की सकाळपर्यंत थांबायचं नाही, लगेच नर्सला किंवा डॉक्टरला सांगायचं. मला रात्री सुरू झालं होतं आणि शेजारच्या बेडवरच्या बाईंनी सांगितलं म्हणून मला ते कशाचं आहे ते कळलं. म्हणून म्हणते, सर्जनना हे स्पष्ट विचारा की तुम्ही थायरॉईडची ऑपरेशन्स नेहमी करता का. ज्यांचा हात यावर बसलेला आहे त्यांच्याकडे हे त्रास कमी होतात, आणि असं विचारण्यात काही गैर नाही.
आयोडीनची एक गोळी किंवा घोट असतो, बस. थायरॉईडच्या पेशी आयोडीन ओढून घेतात म्हणून औषध नेमकं तिथे पोचतं. त्याआधी साधारण एक-दोन आठवडे आयोडीनयुक्त मीठ, दूध-दही, मासे बंद करायला सांगतात, आणि टीएसएच मुद्दाम वाढू देतात, एकतर ग्रंथी काढल्यावर रोज घ्यायची थायरॉईड हार्मोनची गोळी काही आठवडे बंद ठेवून नाहीतर इंजेक्शन देऊन. गोळी बंद असतानाचा काळ मला खरंच जड गेला, सारखी झोप, थंडी, चेहरा सुजलेला, कशात लक्ष नाही. इंजेक्शनचा पर्याय आहे का ते जरूर विचारा. नंतर थोडे दिवस एकटीला राहावं लागतं, लहान मुलं आणि गरोदर बायकांपासून जास्त दिवस लांब. शरीर बरं असतं पण एकटेपणा खातो, तिला फोन करत राहा.

रानवाट:
जरा वेगळं लिहितोय, निळाईताईंसाठी नाही, पुढे हा धागा वाचणाऱ्यांसाठी. थायरॉईडचा कॅन्सर म्हटलं की सगळे पॅपिलरीच धरून चालतात. माझ्या वडिलांना मेड्युलरी निघाला. त्यात रेडिओॲक्टिव्ह आयोडीन चालत नाही कारण त्या पेशी आयोडीन घेतच नाहीत, ऑपरेशनवरच सगळी भिस्त, आणि रक्तात कॅल्सिटोनिन, म्हणजे त्याच पेशी सोडतात ते हार्मोन, बघत राहतात. शिवाय तो आनुवंशिक असू शकतो म्हणून त्यांची आरईटी जीनची तपासणी झाली, मग आम्हा भावंडांची. आम्हाला किती जणांनी सांगितलं की थायरॉईडचाच आहे, चिंता नको, आणि आम्ही ऐकत बसायचो. ॲनाप्लास्टिक म्हणून एक प्रकार असतो तो दुर्मीळ आहे पण इतका झपाट्याने वाढतो की त्याला निदान होतानाच स्टेज ४ धरतात. गळ्याची गाठ आठवड्या-आठवड्याला मोठी होत असेल, श्वासाला किंवा गिळायला अडत असेल तर वाट बघू नका. रिपोर्टवर प्रकार कोणता लिहिलाय ते आधी वाचा, नातेवाइकांचं नंतर ऐका.

निळाई:
सगळ्यांचे मनापासून आभार. बहिणीला तिघांचंही वाचून दाखवलं, स्टेज १ ऐकल्यावर पहिल्यांदा नीट श्वास घेतला तिने. उद्या नोडच्या सुईचं विचारतोय. रानवाट, तुमच्या वडिलांना बरं वाटो. एकच राहिलं, मूल व्हायला आयोडीनमुळे अडचण येते का? आणि थायरॉईड हार्मोनची गोळी खरंच जन्मभर?

सूक्ष्मदर्शी:
मूल होऊ शकतं. आयोडीन घेताना गरोदर नाही ना हे तपासतातच, आणि नंतर साधारण ६ ते १२ महिने थांबायला सांगतात. तेव्हा आत्ताच तिने डॉक्टरांना सांगून ठेवावं की मूल हवंय, म्हणजे ते वेळापत्रक तसं लावतील. पूर्ण ग्रंथी काढली की गोळी जन्मभर, सकाळी उपाशीपोटी, नंतर अर्धा-पाऊण तास काही नाही, आणि कॅल्शियम किंवा लोहाची गोळी असेल तर मध्ये ४ तास जाऊ द्यायचे. दिवस राहिले की ही गोळी बंद करायची नाही, उलट डोस बहुतेक वेळा वाढवावा लागतो, म्हणून कळल्याबरोबर टीएसएच करायचं. पुढचं लक्ष थायरोग्लोब्युलिन (थायरॉईडच्या पेशीच बनवतात ते प्रथिन) नावाच्या रक्ततपासणीवर आणि मानेच्या सोनोग्राफीवर असतं, थायरोग्लोब्युलिनबरोबर त्याच्या अँटीबॉडी पण करायला सांगा, त्या असतील तर आकडा फसवा येतो. आणि शक्यतो दरवेळी एकाच लॅबमध्ये करा.

कोरा_कागद:
ऑपरेशनची तारीख मिळाली की इथे लिहा ताई. बहिणीला माझ्याशी बोलायचं असेल तर निरोप पाठवा, कधीही.