दातांच्या डॉक्टरची प्रचंड भीती, इन्शुरन्स नाही, पैसेही बेताचेच. काय करू?

निळी छत्री
खालची मागची दाढ महिनाभर ठणकतेय, आता तर रात्री झोप लागत नाही, गरम काही तोंडात गेलं की कळ थेट कानापर्यंत जाते आणि बराच वेळ राहते. डेंटिस्टकडे शेवटची गेले त्याला ११ वर्षं झाली. लहानपणी भूल चढलेली नसतानाच दाढ ओढली होती, मी ओरडत होते आणि दोघांनी धरून ठेवलं होतं, तेव्हापासून ड्रिलचा आवाज जरी आला तरी हात गार पडतात. गेल्या आठवड्यात दोनदा दवाखान्याच्या दारातून परत फिरले. इन्शुरन्स नाही आणि फोनवर विचारलं तर रूट कॅनाल, कॅप सगळं धरून एकदम मोठा आकडा सांगितला. गोळ्या खाऊन अजून दोन-तीन महिने ढकलता येतील का? आणि स्वस्तात, पण घाबरलेल्या माणसाला सांभाळून घेतील असं कुठे मिळतं?

जुनी सायकल
डेंटल कॉलेज. माझी दोन रूट कॅनाल तिथेच झाली, बाहेरच्यापेक्षा बऱ्याच कमी पैशात. काम शिकणारी मुलं करतात पण प्रत्येक टप्प्यावर सर किंवा मॅडम येऊन तपासतात, पुढे जा म्हटल्याशिवाय ती पुढे जात नाहीत. वेळ मात्र जातो, एका बैठकीला दोन-तीन तास धरून चाला, आणि खेपाही जास्त होतात. मला तो संथपणा बरा वाटला कारण कुणाला घाई नव्हती, काय करतोय ते सांगून करत होते. पण मोठ्या हॉलमध्ये ओळीने खुर्च्या असतात, शेजारच्याचं ड्रिल ऐकू येतं, म्हणून आधीच सांगून सकाळची पहिली वेळ आणि कडेची खुर्ची मागा, कानात हेडफोन घाला. पोस्टग्रॅज्युएट विद्यार्थी मिळाला तर अजून चांगलं, ते आधीच डॉक्टर झालेले असतात.

मधली सुट्टी
मी बरीच वर्षं दातांच्या दवाखान्यात असिस्टंट आहे म्हणून हे लिहितेय, थोडं लांबेल. ताई, आधी एक सांगते, लहानपणी तुम्हाला दुखलं ते मनाचे खेळ नव्हते. आतली नस सुजलेली असली की खालच्या दाढांना नेहमीचं इंजेक्शन पुष्कळदा पुरत नाही, ओठ बधिर होतो पण दाढ होत नाही. त्यावर उपाय आहेत, दाढेच्या बाजूने, मुळाभोवती किंवा हाडात वेगळं इंजेक्शन देतात. त्यामुळे सरळ म्हणा की आधी दाढेला गार लावून तपासा आणि अजिबात कळलं नाही तरच सुरू करा. सुईच्या आधी हिरडीवर बधिर करणारं जेल लावायला सांगा आणि औषध सावकाश सोडायला सांगा, सुईपेक्षा भसकन औषध सोडण्याने जास्त दुखतं. इंजेक्शननंतर मिनिटभर छाती धडधडली तर घाबरू नका, त्यात बहुतेकदा ॲड्रेनलिन असतं, ते उतरतं.

हात वर केला की थांबायचं, हे खुर्चीत बसायच्या आधी ठरवून घ्या. आणि पहिल्या खेपेला फक्त तपासणी आणि एक्सरे, हत्यार नाही, असं फोनवरच सांगून जा. भीती मोजायची पाच प्रश्नांची एक प्रश्नावली असते, २५ पैकी १९ किंवा जास्त आले तर खूप भीती समजतात. सांगायला लाज वाटत असेल तर तो आकडाच डॉक्टरांना दाखवा.

एवढं करूनही नाहीच जमलं तर लाफिंग गॅसबद्दल विचारा, नाकावर मास्क लावतात, बंद केला की काही मिनिटांत उतरतो. गुंगीची गोळीही देतात पण ती डॉक्टरांनीच द्यायची, घरची घेऊन जायची नाही, आणि परत न्यायला माणूस लागतो. पूर्ण भूल हा सगळ्यात महाग पर्याय, शेवटी.

आणि नाही, दोन-तीन महिने थांबू नका. पेनकिलरने ठणका कमी होतो, आतलं बिघडणं चालूच राहतं. अँटिबायोटिकनेही सुजलेली नस बरी होत नाही, उगाच कोर्स करू नका.

रिकामी पाटी
पैशांचं सांगतो. सगळं एकदम करायचं नसतं, डॉक्टरांकडून टप्प्याटप्प्याचा प्लॅन आणि प्रत्येक टप्प्याचा खर्च लिहून घ्या. आधी दुखणारी दाढ, मग वाढणारी कीड, दिसण्यापुरतं जे असेल ते सगळ्यात शेवटी. दाढेची नस काढून आत औषध भरून तात्पुरतं बंद करता येतं, ठणका तिथेच थांबतो आणि पुढच्या खेपेपर्यंत पैशांची सोय करायला वेळ मिळतो. पण त्या तात्पुरत्या सिमेंटवर महिनोन्महिने राहू नका, माझ्या भावाने कॅप पुढे ढकलली आणि दाढ उभी चिरली, सगळा खर्च वाया. दाढ काढणं स्वस्त पडतं हे खरं, ती वाचण्यासारखी नसेल तर काढावीच, पण नंतर तिथे दात बसवायचा खर्चही आत्ताच विचारा.

बाकीच्या दातांना छोटी कीड असेल तर सिल्व्हर फ्लोराइडबद्दल विचारा. ब्रशने थेंब लावतात, ना सुई ना ड्रिल, बऱ्याचदा कीड तिथेच थांबते. कीड लागलेला भाग काळा पडतो, तेवढं चालवून घ्यावं लागतं. २०२१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने ते अत्यावश्यक औषधांच्या यादीत घातलंय. तुमच्या ठणकणाऱ्या दाढेला मात्र त्याचा उपयोग नाही, तिथे कीड आतल्या नसेपर्यंत पोहोचलीय.

निळी छत्री
वाचून रडूच आलं, कुणी पहिल्यांदाच म्हणालं की तेव्हा खरंच दुखलं होतं. कॉलेजला फोन केला, गुरुवारी सकाळी पहिली वेळ मिळाली, फक्त तपासणी. हात वर करायचं आणि गार लावून बघायचं, दोन्ही चिठ्ठीवर लिहून ठेवलंय. आज गालाला किंचित सूज वाटतेय, गुरुवारपर्यंत थांबू ना?

मधली सुट्टी
नको, उद्याच सकाळी फोन करून सूज आलीय असं सांगा, मग वेळ अलीकडे देतात. आणि सूज डोळ्याकडे किंवा गळ्याकडे सरकली, ताप आला, तोंड उघडेना, गिळताना किंवा श्वास घ्यायला त्रास झाला तर दातांच्या डॉक्टरची वाट न बघता सरळ हॉस्पिटलच्या इमर्जन्सीत जा, रात्र असली तरी. उद्या जाताना उपाशी जाऊ नका, घाबरलेलं माणूस रिकाम्या पोटी चक्कर येऊन पडतं. सोबत कुणाला तरी न्या आणि ती चिठ्ठी त्यांच्या हातात द्या.