डी ड्राइव्हला धक्का न लावता लिनक्स टाकायचंय, सोलापूर

मागावरचा_मोर:
नमस्कार मंडळी. अशोक चौकाजवळ माझं छोटं दुकान आहे, चादरी-टॉवेलची जेकार्ड (मागावर नक्षी विणायची) डिझाइनं करून देतो. कॉम्प्युटर २०१३ सालचा. आय-थ्री, चार जीबी रॅम, ५०० जीबीची साधी हार्डडिस्क. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि ११ काय या मशीनवर बसत नाही. भाचा म्हणतो, मामा, लिनक्स मिंट म्हणून विंडोजसारखीच सिस्टिम आहे, ती टाका, पळेल. पळेल हो, पण माझ्या डी ड्राइव्हचं काय?

त्यात बारा वर्षांची डिझाइनं आहेत, सगळ्या बीएमपी, म्हणजे चित्राच्या, फाइली. यातला एकेक ठिपका म्हणजे मागावरचा उभा दोरा वर जाणार की खाली राहणार, त्याचा हुकूम. मोराच्या पिसाऱ्यात एक ठिपका चुकला की निघणाऱ्या प्रत्येक चादरीत तोच डाग, आणि पार्टी माल माझ्या दारात आणून टाकते.

भीती उगाच नाही. पाच-सहा वर्षांपूर्वी एका दुरुस्तीवाल्याकडं मशीन दिलं होतं. "फक्त सी फॉरमॅट करतो" म्हणाला आणि अख्ख्या डिस्कचं एकच पार्टिशन, म्हणजे एकच कप्पा, करून दिला. फाइली काढल्या शोधून, पण नावं गेलेली, नुसते आकडे. कुठलं डिझाइन कुणाचं हे ओळखण्यात दोन महिने गेले.

या वेळी मी शहाणपणा केलाय, डी वरचं सगळं ई ड्राइव्हवर कॉपी करून ठेवलंय. सी मधून ६० जीबी मोकळेही केले. भाच्याच्या पेनड्राइव्हवरून मिंट सुरू केलं, तर इन्स्टॉलर ती मोकळी जागा "अनयुजेबल" दाखवतोय. पुढं जायची छाती झाली नाही, बंद केलं. विंडोज ठेवायलाच लागणार, डिझाइनच्या सॉफ्टवेअरचं लॉक (परवान्याची चावी) त्याच्यावरच चालतं.

नवी_पेठ_९०:
कशाला एवढं डोकं लावतंय बे भाचं तुमचं. इरेज डिस्क करा, अख्खी डिस्क पुसा, वीस मिनिटांत मोकळे.

होटगी_रोडचे_मास्तर:
वरच्या सल्ल्यानं मामा खरंच मोकळे होतील, धंद्यातूनच.

मामा, आधी हात थांबवा. ई वरची कॉपी म्हणजे बॅकअप नव्हे. डी आणि ई एकाच डिस्कवर आहेत. एकाच गोडाऊनच्या दोन कोपऱ्यांत माल ठेवला तर आग लागल्यावर कुठला कोपरा वाचतो?

आता ते "अनयुजेबल". तुमची डिस्क एमबीआर नावाच्या, डिस्कचे कप्पे नोंदवायच्या जुन्या पद्धतीची असणार. त्यात प्रायमरी, म्हणजे मुख्य, पार्टिशनं चारच होतात. तुमच्याकडं सी, डी, ई दिसतात तीन, पण विंडोजचं सिस्टिम रिझर्व्ड नावाचं एक छोटं पार्टिशन लपलेलं असतं. झाली चार. जागा आहे, पण पाचव्याला दार नाही. आणि हे नीट वाचा: त्या जागेवर विंडोजमधून नवं पार्टिशन करायला गेलात तर ते डिस्क "डायनॅमिक" करू का म्हणून विचारेल. येस म्हणू नका. त्यातून परत येणं फार किचकट.

ई रिकामा करून, उडवून, त्या जागी एक्स्टेंडेड (आत आणखी कप्पे पाडता येणारं) पार्टिशन करता येतं. मी सांगणार नाही. तेरा वर्षांच्या डिस्कवर पार्टिशनं कापाकापी करायची, आणि मध्येच लाइट गेली की? तुमच्या यूपीएसची बॅटरी किती मिनिटं टिकते, तुम्हालाच ठाऊक.

त्यापेक्षा २४० जीबीचा छोटा एसएसडी, म्हणजे नव्या प्रकारची वेगवान डिस्क, घ्या. आधी सगळी डिझाइनं बाहेरच्या डिस्कवर कॉपी करा, दोन्हीकडं प्रॉपर्टीजमध्ये फाइलींची संख्या जुळवा, आणि ती डिस्क दुसऱ्याच कॉम्प्युटरला लावून दहा-पंधरा जुन्या फाइली उघडून बघा. जुळलं की ती डिस्क घरी न्या, दुकानात ठेवू नका. मग सीपीयूचा प्लग काढून झाकण उघडा आणि जुन्या हार्डडिस्कची डेटा केबल सरळ उपसा. एसएसडी लावा, पेनड्राइव्हवरून मिंट सुरू करा. आता इन्स्टॉलरला जुनी डिस्क दिसणारच नाही, तर पुसणार काय? इरेज डिस्क बिनधास्त दाबा, फक्त समोर ५०० नाही तर २४० चा आकडा दिसतोय एवढं बघून. झालं की मशीन बंद करून केबल परत जोडायची. सुरू होताना एफ१२ किंवा एफ११, बोर्डावर अवलंबून, दाबलं की कुठल्या डिस्कवरून चालू करायचं ते निवडता येतं. विंडोजला मात्र यापुढं इंटरनेट देऊ नका.

अजून एक. विंडोजच्या पॉवर ऑप्शन्समधून फास्ट स्टार्टअपची खूण काढा. ते चालू असलं की विंडोज पूर्ण बंद होतच नाही, अर्धवट झोपतं, आणि मग त्याचे ड्राइव्ह लिनक्समध्ये नुसते वाचता येतात, सेव्ह होत नाही.

मागावरचा_मोर:
मास्तर, केबल उपसायची हे डोक्यातच आलं नव्हतं. एक विचारतो, बीएमपी जिंपमध्ये, लिनक्सवरच्या चित्रांच्या सॉफ्टवेअरमध्ये, उघडली तर रंग बिघडतील का?

कापूस_ते_कॅनव्हास:
मामा, मी टेरी टॉवेलच्या बॉर्डर करते, जिंपवरच. फाइल इंडेक्स्ड मोडमध्ये (ठरावीक मोजक्या रंगांची) असेल तर तशीच राहू द्या, आरजीबी (लाखो रंगांची) करू नका. दुरुस्ती पेन्सिलनं करा, ब्रशनं नाही. ब्रशच्या कडा मऊ असतात, दोन रंगांच्या मध्ये आणखी दहा छटा येतात. आपल्याकडं एक रंग म्हणजे एक वीण, त्या दहा छटांना कारखाना कुठली वीण लावणार? आणि जेपीजी कुणी मागितली तर व्हॉट्सॲपवर दाखवण्यापुरतीच.

मागावरचा_मोर:
रविवारी केलं. लांबण लागेल, पण सांगतोच.

सीपीयूचं झाकण काढलं तर आत कापूसच कापूस. फॅनवर अक्षरशः गोधडी बसलेली, शेजारच्या कारखान्याची कृपा. भाच्यानं रंगकामाच्या ब्रशनं तासभर झाडलं.

त्याच्या आदल्या रात्री कॉपी लावली होती. सकाळी आकडे बघितले: डी वर १४,३८२, बाहेरच्या डिस्कवर १४,३७९. भाचा म्हणाला, तीन फाइलींनी काय होतंय. मी म्हटलं, शोध. निघालं असं, की रात्री कॉपी अडकली होती आणि यानं झोपेत "स्किप" दाबलं होतं. त्या तीन फाइली डी वरून वाचल्याच जात नव्हत्या. पेनड्राइव्हवरच्या मिंटमध्ये "डिस्क्स" म्हणून आहे, त्यात हार्डडिस्कची तब्येत बघितली तर खराब सेक्टरांचा आकडा शंभरच्या वर. मास्तर, हिच्यावर पार्टिशन कापायला बसलो असतो तर काय झालं असतं, विचार करवत नाही.

मग ई वर गेलो. तुम्ही जिला बॅकअप नव्हे म्हणालात तिथं तीनपैकी दोन फाइली धडधाकट सापडल्या. तिसरी तिथंही उघडली नाही. एका लॉजच्या टॉवेलची बॉर्डर होती, लॉजचं नाव विणलेली. लॉज बंद पडून चार वर्षं झाली, कुणी मागणार नाही. तरी त्या अक्षरांवर तीन रात्री बसलो होतो.

बाकी तुम्ही सांगितलं तसंच. केबल उपसली, २४० चा आकडा भाच्याकडून मोठ्यानं वाचून घेतला, मग दाबलं. पाऊण तासात काम झालं. केबल परत लावून मिंटमधून डी उघडला, पहिल्यांदा मोराचीच फाइल उघडली. सेव्ह करायला गेलो तर होईना. फास्ट स्टार्टअपची खूण काढायची राहिली होती, दुसरं काय. काढल्यावर झालं.

आता ती जुनी डिस्क फक्त सॉफ्टवेअरच्या लॉकपुरती, नवीन काम सगळं एसएसडीवर, आणि शनिवारी संध्याकाळी बाहेरच्या डिस्कवर कॉपी. नवी डिस्क घेऊन विंडोज तिच्यावर हलवावं लागणार, ते मास्तरांना विचारूनच करीन. प्रिंटर मात्र अजून बोलेना. त्याच्यासाठी वेगळा धागा काढतो.