‘ड जीवनसत्त्व प्रतिकारशक्ती वाढवतं’: इथे ‘वाढवतं’ चालेल का?

प्रश्न : आरोग्यविषयक मजकुराचं संपादन करते. गंभीर कोविडवरच्या एका लेखात अडले आहे. ‘इन्फ्लमेशन’ला सूज म्हणू, दाह म्हणू की शोथ? आणि ‘ड जीवनसत्त्व जनुकांवर परिणाम करून प्रतिकारशक्ती वाढवतं’ हे वाक्य खटकतंय. काय खटकतंय ते मात्र नीट सांगता येत नाही.

प्रतिसाद : नुसती ‘सूज’ अपुरी आहे. मूत्रपिंडाच्या विकारात पायांत पाणी साचतं, तीही सूजच. ‘शोथ’ संधिशोथ, यकृतशोथ अशा जोडशब्दांत रुळलाय, पण घरात कोणी बोलत नाही. ‘दाह’ म्हटलं की लोकांना पोटातली किंवा लघवीची जळजळ आठवते. तरी मी दाहच घेईन. पहिल्यांदा येईल तिथे ‘दाहयुक्त सूज’ लिहा, पुढे दाह पुरतो.

प्रतिसाद : वाक्यात खटकतंय ते क्रियापद. गंभीर कोविडमध्ये अनेकांची फुप्फुसं निकामी झाली ती प्रतिकार कमी पडला म्हणून नव्हे; विषाणूवर उठलेला प्रतिकार थांबेचना, म्हणून. अशा रोग्याबद्दल ‘वाढवतं’ लिहिणं म्हणजे अर्थ उलटा करणं.

‘जनुकांवर परिणाम’ही मोघम आहे. त्वचेत उन्हामुळे तयार झालेलं ड जीवनसत्त्व यकृतात आणि मग मूत्रपिंडात बदलून सक्रिय होतं. काही रोगप्रतिकारक पेशी हे शेवटचं रूप स्वतःच बनवतात. ते पेशीकेंद्रातल्या ग्राहीला (रिसेप्टर, म्हणजे त्याला ओळखून धरणारं प्रथिन) चिकटतं आणि ती जोडी डीएनएवर ठरावीक जागी बसते. त्यामुळे कुठलं जनुक किती वाचलं जाईल ते ठरतं. जनुक जसंच्या तसं राहतं, एक अक्षरही बदलत नाही. म्हणून ‘जनुकांचं नियमन’ म्हणा. ‘नियंत्रण’ नको, त्यात सगळी सत्ता एकाच्या हाती असल्याचा भास होतो.

2021च्या अखेरीस अमेरिकेतल्या एनआयएच (राष्ट्रीय आरोग्य संस्था) आणि पर्ड्यू विद्यापीठाच्या संशोधकांनी टी पेशी या रोगप्रतिकारक पेशींवरचं काम प्रसिद्ध केलं. या पेशी आधी इंटरफेरॉन-गॅमा हे संदेशवाहक प्रथिन सोडून दाह पेटवतात. काम झालं की त्यांनी इंटरल्यूकिन-10 हे दुसरं प्रथिन सोडून तो आवरायचा असतो. या वळणावर ड जीवनसत्त्व लागतं, आणि गंभीर कोविडच्या रोग्यांच्या फुप्फुसांतल्या पेशींत हे वळण नीट घेतलं जात नव्हतं, असं त्यांना दिसलं. मला हे फार मोलाचं वाटतं, कारण आपलं शरीर दाह विझवण्याचं कामही तितक्याच नेटाने करतं हे त्यातून कळतं.

प्रश्नकर्ती : मग ‘ड जीवनसत्त्व दाह शमवतं’ असं करू?

प्रतिसाद : नको! ‘शमवतं’ वाचलं की माणूस औषध समजतो. पेशीत दिसलेलं काम आणि रोग्याला झालेला फायदा यांना एकच क्रियापद लावू नये. ब्राझीलमध्ये रुग्णालयात दाखल झालेल्या 240 कोविड रुग्णांवर चाचणी झाली. निम्म्यांना ड जीवनसत्त्वाचा 2,00,000 एककांचा एकच डोस दिला, पण त्यांचा रुग्णालयातला मुक्काम काही कमी झाला नाही. ‘दाहशामक’ हे विशेषण डेक्सामेथासोन या स्टेरॉइड औषधाला शोभतं. 2020च्या ब्रिटिश ‘रिकव्हरी’ चाचणीत व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांमधले मृत्यू त्याने सुमारे एक तृतीयांशाने घटले.

माझं वाक्य असं : ‘दाह आवरणाऱ्या जनुकांच्या नियमनात ड जीवनसत्त्वाचा वाटा असतो, आजार गंभीर झाल्यावर ते दिल्याने रोगी लवकर बरा होतो असं मात्र मोठ्या चाचण्यांत दिसलेलं नाही.’ लांब आहे, पण तोडू नका. अर्धं छापलं तर लोक अर्धंच धरून बसतील.

प्रश्नकर्ती : हेच घेते. लेखात शेवटी ड जीवनसत्त्वाच्या साठ हजाराच्या पुडीचा उल्लेख आहे, ‘60,000 एकक’ एवढाच.

प्रतिसाद : त्याच ओळीत ‘डॉक्टरांनी सांगितल्यास, आठवड्यातून एकदा’ हे शब्द घाला. तीच पुडी कोणी रोज घेत राहिलं तर रक्तातलं कॅल्शियम वाढून मूत्रपिंडावर बेतू शकतं.