पासवर्ड तगडा असला तरी बफर ओव्हरफ्लोने डेटाबेस सर्व्हर हातचा जातो, तो कसा?

नवखा_डीबीए: मंडळी, शंका बेसिक आहे, हसू नका. आमच्या डेटाबेस सर्व्हरचा पॅच आलाय, त्यात लिहिलंय की बफर ओव्हरफ्लो आहे आणि लॉगिन न करता बाहेरून कोड चालवता येतो. सीनियर म्हणतात अॅडमिनचा पासवर्ड २० अक्षरी आहे, डाउनटाइम मिळाला की बघू. पण लॉगिनच केलं नाही तर कोड चालतो कसा?

स्टॅकवाला: अरे, पासवर्ड तपासायचा तर आधी आलेलं पॅकेट वाचायला लागतं ना, आणि घोळ त्या वाचण्यातच असतो. मायक्रोसॉफ्टच्या एसक्यूएल सर्व्हर २००० या डेटाबेसचंच घे. कुठला इन्स्टन्स (मशीनवर चालणारी डेटाबेसची एक प्रत) कुठल्या पोर्टवर आहे हे सांगायला यूडीपी पोर्ट १४३४ वर एक सर्व्हिस बसलेली असायची, तिला लॉगिन वगैरे काही नाही. पहिला बाइट ४ असला की पुढची अक्षरं ती विंडोजच्या रजिस्ट्रीच्या (सेटिंग्ज ठेवायच्या जागेच्या) पाथमध्ये जोडायची, तेही स्टॅकवरच्या, म्हणजे फंक्शनच्या कामचलाऊ मेमरीतल्या, ठरावीक मापाच्या बफरमध्ये (राखलेल्या जागेत), लांबी न बघता. लांबलचक नाव पाठवलं की ते बफरच्या बाहेर सांडून रिटर्न अॅड्रेसवर (फंक्शननंतर कुठे परतायचं त्या पत्त्यावर) जाऊन बसतं, मग फंक्शन संपल्यावर प्रोग्राम पाठवणारा म्हणेल तिकडे जातो. तुझा २० अक्षरी पासवर्ड बिचारा आत वाट बघत बसलेला.

जुना_खोड: याच भोकातून शिरला तो स्लॅमर वर्म, म्हणजे आपोआप पसरणारा प्रोग्राम! पॅच जुलै २००२ मध्येच आला होता, वर्म सुटला २५ जानेवारी २००३ ला. सहा महिने सगळे 'बघू'च म्हणत होते. अख्खा वर्म ३७६ बाइटचा, एका पॅकेटात मावणारा, सुरुवातीला दर साडेआठ सेकंदांनी दुप्पट होत होता. डिस्कवर काहीच लिहायचा नाही, रीस्टार्ट केलं की गायब, आणि पॅच नसेल तर लगेच परत हजर.

नवखा_डीबीए: बापरे. पण आमचा सर्व्हर फायरवॉलच्या आत आहे, मग?

स्टॅकवाला: तेव्हाही लोक हेच म्हणायचे. एमएसडीई नावाचं त्याच इंजिनाचं छोटं रूप दुसऱ्याच सॉफ्टवेअरसोबत इन्स्टॉल व्हायचं, मशीनवर डेटाबेस आहे हेच कित्येकांच्या गावी नसायचं. असा एखादा लॅपटॉप बाहेर लागण होऊन ऑफिसात आला की फायरवॉल काय करणार? आता स्टॅक कॅनरी (रिटर्न अॅड्रेसच्या आधी ठेवलेली खूण, ती बदलली की ओव्हरफ्लो कळतो), एएसएलआर (मेमरीतले पत्ते दरवेळी बदलणं) असतं म्हणून कोड चालवणं अवघड झालंय, पण कॅनरीने ओव्हरफ्लो पकडला तरी प्रोसेस बंदच पडते, म्हणजे डाउनटाइम आलाच, आणि तो तुमच्या सोयीने येत नाही. सीनियरना एवढंच विचार, पॅकेट आधी वाचलं जातं की पासवर्ड?

नवखा_डीबीए: विचारलं. पॅचसाठी आज रात्री ११ ची डाउनटाइमची विंडो मिळाली :)